आपल्या डोंगरांतील इमारती झाडें : त्यांची ओळख व उपयोग

आपल्या शाळेच्या मागच्या गल्लींत गतवर्षाच्या दिवाळीपर्यंत एक मोठें झाड उभें होतें. त्याच्या बुंध्यास खोल पन्हळी पडल्या होत्या. लहान मुलें त्या पन्हळींत लपून खेळत, व दुपारच्या वेळीं रिक्षावाले त्याच्या सावलींत विसांवा घेत. सहामाही परीक्षेच्या सुमारास एके दिवशीं त्याच्या खोडावर एक कागद डकविलेला दिसला. झाड तोडावयाचें आहे, कोणाची हरकत असल्यास मुदतींत लेखी कळवावी, असा त्यांतील मजकूर होता. झाडाच्या नांवापुढें मात्र "जंगली झाड" असे दोनच शब्द होते. आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें तो कागद वाचून आम्हांस विचारलें, "सर, ह्या झाडाचें खरें नांव काय?"

अठरा वर्षें आम्ही त्या झाडाखालून शाळेंत येत होतों. पानांतील हरितद्रव्य कसें काम करतें, मुळांनीं शोषलेलें पाणी शेंड्यापर्यंत कसें चढतें, हें सर्व आम्ही दरवर्षीं फळ्यावर आकृत्या काढून शिकवीत होतों. आणि त्या मुलीच्या साध्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आम्हीं हरकतीचें पत्र लिहिलें. मुलांनीं व कांहीं पालकांनींहि त्यावर सह्या केल्या. परंतु "शाळेच्या मागील मोठें झाड" यापलीकडे पत्रांत कांहीं लिहितां आलें नाहीं. दिवाळीच्या सुटींत झाड पडलें. शाळा उघडली तेव्हां त्याचे ओंडके रस्त्याच्या कडेस रचून ठेविलेले होते, आणि त्यांच्या कापलेल्या तोंडांवर हळदीसारखा पिंवळा रंग दिसत होता. शेजारचे वृद्ध सुतार तेथें उभे होते. सारी गल्ली त्यांस मिस्त्री म्हणते. त्यांनीं एका ओंडक्यावरून अंगठा फिरविला व ते म्हणाले, "मास्तर, हा तर हेद. माझे वडील ह्याच्या फण्या करीत असत."

झाडाचें नांव आम्हांस कळलें तें असें, झाड गेल्यावर.

नांव अगोदर ठाऊक असतें तर झाड वांचलेंच असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. रस्ताहि लोकांस हवाच असतो. परंतु ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, त्याची बाजू आपण कशी मांडणार? त्या दिवसापासून आम्हीं या विषयांत पुन्हा विद्यार्थी व्हावयाचें ठरविलें. मिस्त्रींनीं आम्हांस लांकूड दाखविलें. रानाच्या कडेस राहणाऱ्या एका वारली आजोबांनीं उभें झाड दाखविलें. त्यांतून जें शिकलों, त्यांतील कांहीं भाग या लेखांत तुमच्यापुढें ठेवितों.

हीं झाडें कोठें पाहावीं

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, झाडें पाहावयाचीं तर माथेरानास किंवा महाबळेश्वरास जावें लागतें. आपल्या उपनगरांतील मुलांस एवढ्या दूर जाण्याचें कारण नाहीं. पश्चिमेस बोरीवली, पूर्वेस मुलुंड व उत्तरेस ठाणें यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें रान सुमारें १०४ चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. त्याच्या पोटांत विहार व तुळशी हे दोन तलाव आहेत. विहार १८६० सालीं व तुळशी १८७९ सालीं पुरा झाला. तलावांस पाणी पुरवावयाचें तर भोंवतालचे डोंगर झांकलेले राहिले पाहिजेत, हेंहि हें रान टिकून राहण्याचें एक कारण होय. दक्षिणेकडे आरेचा भाग त्यास लागूनच आहे. घाटकोपर व विक्रोळीकडे खाडीच्या कांठीं तिवरांचें रान आहे. परंतु तिवराचें लांकूड मुख्यतः जळणास वापरीत, म्हणून त्याचा विचार येथें करीत नाहीं.

रस्त्यांच्या कडेस जीं झाडें आपण नित्य पाहतों, त्यांपैकीं पुष्कळ परदेशांतून आलेलीं आहेत. पर्जन्यवृक्ष अमेरिकेंतील उष्ण प्रदेशांतून आला, गुलमोहर मादागास्कर बेटांतून. हीं झाडें सावली देतात, डोळ्यांस सुख देतात, त्यांच्याशीं आमचें कांहीं वैर नाहीं. परंतु आपल्या पूर्वजांचीं घरें, गाडे व नांगर ज्या झाडांनीं बनले, तीं मात्र डोंगरांत, टेकडीच्या उतारावर, जुन्या गांवठाणांत व क्वचित् एखाद्या गल्लीच्या कोपऱ्यांत शोधावीं लागतात.

कठीण लांकूड म्हणजे काय

झाडाचा ओंडका आडवा कापला असतां त्यांत दोन भाग दिसतात. बाहेरचा फिका भाग जिवंत असतो. त्यांतून पाणी वर चढतें. आंतील गडद भागास सुतार गाभा म्हणतात. झाड वाढत जातें तसतसा आंतील भाग पाणी वाहण्याचें काम सोडून देतो, आणि त्याच्या पेशींत राळ, रंगद्रव्यें, तुरट द्रव्यें इत्यादि पदार्थ सांचत जातात. ह्या पदार्थांमुळें गाभ्यास रंग येतो, व पुष्कळ जातींत त्यास वाळवी व बुरशी लवकर लागत नाहीं. म्हणूनच जाणता सुतार खांबासाठीं लांकूड घेतांना अगोदर गाभा किती आहे तें पाहतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इंग्रजी व्यापारांत "हार्डवुड" हा शब्द रुंद पानांच्या सर्वच झाडांस लावितात. त्या हिशेबानें नखानें ओरखडा पडेल असली काटेसावरहि हार्डवुडच ठरते! आम्ही या लेखांत कठीण लांकूड हा शब्द मिस्त्रींच्या अर्थानें वापरीत आहों : ज्यावर पटाशी लवकर बोथट होते तें.

ओळखण्याची रीत

झाडापुढें उभें राहिल्यावर घाईनें नांव विचारूं नये. सांगितलेलें नांव दुसऱ्या दिवशीं विसरतें. त्याऐवजीं झाडालाच पुढील पांच प्रश्न विचारावे व उत्तरें वहींत लिहावीं.

पहिला, साल कशी आहे? गुळगुळीत, भेगाळलेली, कीं सोलून निघणारी? दुसरा, पान एकसंध आहे कीं लहान लहान पर्णिकांचें मिळून झालेलें आहे? तिसरा, पानें फांदीवर समोरासमोर जोडीनें येतात, कीं एका आड एक? चौथा, फूल व फळ कोणत्या आकाराचें, व तें कोणत्या महिन्यांत येतें? पांचवा, पानें केव्हां गळतात व नवी पालवी कोणत्या रंगाची फुटते? पांचांपैकीं तीन उत्तरें हातीं आलीं कीं बहुधा झाड ओळखतां येतें. एकाच खुणेवर विसंबणारा मात्र फसतो. आम्ही स्वतः कसे फसलों तें पुढें सांगूं.

साग

सागाचें पान इतकें मोठें असतें कीं लहान मुलाचें तोंड त्यामागें सहज झांकतें. तें स्पर्शास खरखरीत असून पानें समोरासमोर येतात. कोंवळें पान बोटांत चोळलें तर बोटें तांबडीं होतात; ही खूण कोणीहि विसरत नाहीं. पावसाळ्यांत शेंड्याला बारीक पांढुरक्या फुलांचे मोठे तुरे येतात. पावसाळ्याच्या सुमारास पुष्कळदां पानांची नुसती जाळी उरलेली दिसते. ती एका अळीची करणी असते. झाड मेलें असें समजूं नये.

सागाच्या लांकडांत तेलकट अंश असतो, म्हणून तें पाण्यानें लवकर कुजत नाहीं व वाळवीसहि दाद देत नाहीं. शिवाय ओक झाडाच्या लांकडांत लोखंडी खिळा गंजतो, तसा तो सागांत गंजत नाहीं. जहाजें बांधणाऱ्यांस याचें महत्त्व फार. १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया व त्यांचे वंशज यांनीं मुंबईच्या गोदींत सागवानी जहाजें बांधलीं. त्यांचें सागवान मलबारच्या किनाऱ्यावरून येई. १८१३ सालीं बांधलेल्या "कॉर्नवॉलिस" या जहाजावर १८४२ सालीं इंग्रज व चीन यांच्यांतील नानकिंगचा तह झाला. १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें "ट्रिंकोमाली" हें जहाज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. आणि याहून जुना दाखला पाहावयाचा तर लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांत जावें. तेथील चैत्यगृहाच्या छताखालीं ज्या लांकडी कमानी आहेत, त्या सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत.

ऐन

ऐनाची साल काळपट असून तिला उभ्याआडव्या खोल भेगा पडलेल्या असतात. सुसरीच्या पाठीवर हात फिरवीत आहों असें वाटतें. ही साल जाड असल्यामुळें रानांतील वणव्यांत ऐन पुष्कळदां वांचतो. पानाच्या मागील बाजूस देंठाजवळ दोन बारीक गांठी असतात. फळास पांच पंख असतात, व वाऱ्याबरोबर तीं फळें दूर जातात.

आम्ही फसलों तें येथें. ओढ्याच्या कांठीं पडलेलें एक पांच कडांचें फळ उचलून आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें मुलांस "हा ऐन" असें सांगितलें. वारली आजोबा हंसले व म्हणाले, "सर, वर बघा ना! साल कशी गोरी आहे. हा अर्जुन." अर्जुन हा ऐनाचाच भाऊबंद. फळांत साम्य आहे, परंतु अर्जुनाची साल गुळगुळीत व फिकट असते, व त्यास पाण्याची सोबत आवडते. आम्हीं फळ पाहिलें, मान वर केली नाहीं.

ऐनाचें लांकूड जड व मजबूत. कोंकणांतील व ठाणें जिल्ह्यांतील घरांस ऐनाचे खांब, तुळया व वासे असत. तें वाळतांना तडकतें व हत्यारास त्रास देतें, म्हणून सागाइतकें तें गोड नाहीं, असें मिस्त्री म्हणतात. याची साल कातडीं कमावण्यास उपयोगी पडे, व पाल्यावर टसर रेशमाचे किडे पोसले जातात. भाताच्या रोपांसाठीं वाफ्यांत राब भाजतांना शेतकरी ऐनाच्या डहाळ्या वापरीत. एका झाडानें घर उभें केलें, आणि शेतहि पिकविलें.

खैर

खैर हा मध्यम उंचीचा, कांटेरी वृक्ष. पान बाभळीसारखें, अतिशय बारीक पर्णिकांचें. पानाच्या देंठाखालीं आंकड्यासारखे वांकडे कांटे जोडीनें येतात. सदरा अडकला म्हणजे त्यांची ओळख पटते. जून झालेली साल लांबट पट्ट्यांनीं सुटते. फुलांचे फिकट पिंवळे तुरे पावसाळ्याच्या आरंभास येतात व पुढें चपट्या शेंगा लागतात.

खैराचा गाभा गडद तांबडा व अत्यंत कठीण असतो. त्याचीं मुसळें व नांगराचे भाग करीत, व कोळसाहि उत्तम होई. परंतु खैराचा मुख्य धंदा कातेचा. गाभ्याचे बारीक तुकडे करून पाण्यांत उकळावयाचे, तें पाणी आटवावयाचें, व घट्ट झालेला रस थंड करून त्याच्या वड्या पाडावयाच्या : हाच विड्यांतील कात. ठाणें व रायगड जिल्ह्यांतील कातकरी अथवा काथोडी समाजाचें नांव या धंद्यावरूनच पडलें आहे. ज्या मुलांच्या आजोबांनीं हें काम केलें, तीं मुलें आज आपल्या शेजारच्या बाकांवर बसूं शकतात. त्यांस कमी लेखणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, पानाचा विडा रंगला तो त्यांच्या कष्टांनीं.

शिसव

शिसवाच्या पानांत पांच ते सात वाटोळसर पर्णिका असतात. त्या समोरासमोर न येतां एकीआड एक येतात. ही नेमकी खूण होय. शेंग कागदासारखी पातळ व चपटी असते. गाभा जांभळट काळा, त्यांत अधिक काळ्या रेघा. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कोट भागांतील मेडोज स्ट्रीटवर शिसवाचें नक्षीदार सामान तयार होत असे, व "बॉम्बे ब्लॅकवुड" या नांवानें तें परदेशांतहि प्रसिद्ध झालें. कोणाच्या घरीं पणजोबांच्या वेळची काळीभोर आरामखुर्ची असेल, तर ती विकण्यापूर्वीं तिच्याकडे एकदां नीट पाहावें. मागणी फार झाल्यामुळें हा वृक्ष विरळ झाला आहे. २०१७ सालापासून शिसवाच्या सर्व जातिबांधवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घातलेले आहेत.

कुसुंब, धावडा व मोह

कुसुंब ओळखावयाचा तर मार्च महिन्यांत. त्या वेळीं त्याची नवी पालवी तांबडी लाल असते. दुरून पाहणाऱ्यास झाड फुललें आहे असा भास होतो. पुढें तीच पानें हिरवीं होतात. या झाडावर लाखेचे किडे पोसतात, बियांचें तेल काढतात, व लांकूड इतकें चिवट कठीण कीं तेलाचे घाणे व मुसळें यांसाठीं त्यास मागणी असे.

धावड्याची साल पांढुरकी गुळगुळीत असून तिचे पातळ पापुद्रे निघतात. थंडीच्या अखेरीस पानें तांबूस होतात. लांकूड वांकतें पण सहसा मोडत नाहीं, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. याचा डिंकहि प्रसिद्ध आहे.

मोहाचीं पानें फांद्यांच्या टोंकाशीं झुबक्यांनीं येतात. मार्च-एप्रिलमध्यें त्याचीं रसाळ, फिकट फुलें पहाटेच्या सुमारास खालीं गळतात. मोहाचेंहि लांकूड कठीण, चौकटींस चांगलें. पण रानांतले लोक मोह सहसा तोडीत नाहींत. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां आजोबा म्हणाले, "लांकूड एकदांच मिळतें सर, फुलें दरसाल." फुलें वाळवून खावयाचीं, बियांचें तेल दिव्यास व स्वयंपाकास. मोहाच्या हिशेबाचें हें गणित आम्हीं पुढें वर्गांतहि सांगितलें.

हेद

आतां ज्याच्यामुळें हा लेख लिहिला गेला, त्या हेदाकडे वळूं. हेदाचें पान रुंद व हृदयाच्या आकाराचें असून पानें समोरासमोर येतात. पावसाळ्यांत फुलांचे लहान पिंवळे गोल चेंडू लागतात. जुन्या झाडाच्या बुंध्यास खोल पन्हळी पडतात. कळंब हा त्याचा जवळचा आप्त. त्याचेहि फुलांचे चेंडूच येतात, परंतु ते अधिक फिके, आणि पान लांबट वाटोळें, हृदयाकृति नव्हे.

म्हणजे, विद्यार्थिमित्रहो, पन्हळी आमच्या डोळ्यांपुढें होत्या. पडलेलीं हृदयाकृति पानें झाडूवाले रोज लोटीत होते. पावसाळ्यांत पिंवळे चेंडू आमच्या छत्रीवर पडत होते. पांचांपैकीं तीन उत्तरें अठरा वर्षें आमच्या वाटेवर पडलेलीं होतीं. प्रश्न मात्र आम्हीं विचारला नव्हता.

हेदाचें लांकूड ताजें असतां पिंवळें, व त्याचे तंतू बारीक व सारखे असतात. म्हणून त्याचें कांतकाम व कोरीवकाम सुबक होतें. फण्या, डब्या, खेळणीं, फळ्या यांसाठीं तें वापरीत, व सूतगिरण्यांतील बॉबिनींसहि तें चालत असे. उन्हापावसांत मात्र तें फार टिकत नाहीं. त्याची जागा घरांत.

जसें काम तसें लांकूड

एके दिवशीं मिस्त्रींनीं जमिनीवर खडूनें बैलगाडी काढून दाखविली. चाकाचा मधला तुंबा फुटूं नये, म्हणून तेथें घट्ट व चिवट लांकूड. आंसावर सारा भार, म्हणून तेथें न मोडणारें. जूं मात्र बैलांच्या मानेवर बसतें. तें जड असेल तर मुक्या जनावरास उगाच भार. म्हणून तें शिवणीसारख्या हलक्या लांकडाचें. सर्वांत कठीण तें सर्वांत उत्तम, असा नियम नाहीं. फणसाचा पिंवळा पाट, आंब्याच्या स्वस्त फळ्या, किनाऱ्यावर होड्यांस लागणारी उंडी : प्रत्येकाचें काम ठरलेलें. एका गाडींत चार प्रकारचीं झाडें चालत होतीं, आणि गाडी करणाऱ्यास त्या चारहि झाडांचा स्वभाव ठाऊक होता. शाळेचें तोंड न पाहिलेल्या माणसांचें हें शास्त्र होतें.

कोणतें झाड तोडावें याइतकेंच कोणतें तोडूं नये, याचाहि विचार पूर्वीं होत असे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लागणाऱ्या लांकडाविषयीं एक प्रकरण आहे. साग, शिसव वगैरे रानांतील लांकूड परवानगीनें तोडावें. आंबा व फणस मात्र रयतेनें पुष्कळ वर्षें लेंकराप्रमाणें वाढविलेले असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये. अगदींच जीर्ण झाड असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा त्यांतील आशय आहे. सुमारें तीनशें वर्षांपूर्वींची ही आज्ञा आहे.

आजची गोष्ट

आज आपल्या घरांस ऐनाचे खांब नाहींत; सिमेंट व लोखंड आलें. नांगर व मुसळ तर पुष्कळ मुलांनीं चित्रांतच पाहिलें असेल. मग या झाडांचीं नांवें शिकून करावयाचें काय, असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न रास्त आहे.

२०१९ च्या ऑक्टोबर महिन्यांत मेट्रोच्या कारशेडसाठीं आरेंतील दोन हजारांहून अधिक झाडें दोन दिवसांत तोडलीं गेलीं, व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविण्यास सांगितलें. त्या वेळीं आमच्या वर्गांतहि फार चर्चा झाली. ती सारी आंकड्यांची होती. त्यांत कोणतीं झाडें होतीं, हें आमच्यापैकीं एकानेंहि विचारलें नाहीं. आंकडा दुसऱ्या आंकड्यानें भरून निघतो असें वाटतें. इतकीं तोडलीं, तितकीं लावूं. परंतु शंभर वर्षांचा ऐन व कुंडींतलें रोप या दोहोंस एकच संख्या देतां येत नाहीं.

कायद्यानेंहि हें कांहीं अंशीं मानलें आहे. शहरांतील झाडांच्या जतनासाठीं महाराष्ट्रांत १९७५ सालचा कायदा आहे, व परवानगीवांचून झाड तोडणें हा गुन्हा आहे. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांच्या वरील वृक्षांस प्राचीन वृक्ष म्हणून विशेष स्थान मिळालें. नागरिकास हरकत घेण्याचा अधिकार आहे. त्या अधिकाराचा उपयोग करावयाचा तर निदान "हा हेद आहे, हा इतका जुना आहे, येथें असा दुसरा नाहीं" एवढें लिहितां आलें पाहिजे. आम्हांस तें लिहितां आलें नाहीं. तुम्हांस यावें, एवढीच इच्छा.

वर्षाचा अभ्यास

पुढील वर्षासाठीं पुढीलप्रमाणें अभ्यास करावा. जून-जुलैंत साग व खैर यांचे तुरे आणि हेदाचे चेंडू पाहावे. ऑक्टोबरमध्यें, पानें पूर्ण वाढलेलीं असतांना, प्रत्येक झाडाच्या एका पानाचें चित्र काढावें. जानेवारी-फेब्रुवारींत सागाची पानगळ व धावड्याचीं तांबूस पानें पाहावीं. मार्चमध्यें कुसुंबाची पालवी व ऐनाचीं पंखांचीं फळें, आणि पहाटे उठण्याची तयारी असेल त्यानें मोहाचीं फुलें. राष्ट्रीय उद्यानांत पान किंवा फळहि तोडूं नये, उचलून आणूंहि नये. तेथें डोळे व पेन्सिल एवढींच साधनें न्यावीं. गल्लींतील झाडाच्या सालीवर मात्र कागद ठेवून खडूनें घांसावें. सालीचा ठसा सुरेख उमटतो.

पालकांसहि एक विनंती आहे. आपल्या घरांतील जुना पाट, पेटी, पाळणा किंवा चौकट मुलांस दाखवून तें लांकूड कशाचें हें सांगावें. ठाऊक नसेल तर आजी-आजोबांस विचारावें, आणि तेंहि न जमल्यास मुलांस घेऊन आपल्या भागांतील एखाद्या वृद्ध सुताराकडे जावें. तीं माणसें थोडीं उरलीं आहेत.

ज्या मुलीनें आम्हांस प्रश्न विचारला, ती आतां नववींत आहे. तिनें व तिच्या मैत्रिणींनीं शाळेच्या आवारांतील सर्व झाडांचीं नांवें शोधून पाट्या रंगविल्या आहेत. झाडास खिळा मारूं नये म्हणून पाट्या जमिनींत रोंवलेल्या आहेत. दोन झाडांच्या पाट्या अद्याप कोऱ्या आहेत, कारण त्यांस फूल आलेलें नाहीं. मागच्या गल्लींत हेदाच्या जागीं आतां फरसबंदी झाली आहे. आवाराच्या उत्तरेच्या कोपऱ्यांत मात्र मिस्त्रींनीं कोठून तरी मिळवून दिलेलें हेदाचें एक रोप लावलें आहे. तें गुडघ्याएवढें आहे. त्याच्या पाटीवर नांव प्रथम लिहिलें गेलें.